डिझेल पिणारा पूल

घरी ज्याला दुसऱ्यांदा वाढल्याशिवाय उठू द्यायचं नाही, त्यालाच कचेरीत उभं करून धारेवर धरायचं, आणि हे दोन्ही करणारी बाई एकच असायची, असा योग काही सगळ्यांच्या नशिबी येत नाही. या जावयाच्या नशिबी तो आला.

जावई परदेशी मदत खात्यात उपसचिव होता. आपल्या देशाच्या तिजोरीतून दुसऱ्या गरजू देशांना जो पैसा जातो, कुठे विहिरीसाठी, कुठे औषधांसाठी, कुठे शाळेच्या छपरासाठी, तो नीट पोचवायचा हे त्याचं काम. आणि सासूबाई लोकांनी निवडून दिलेल्या सभासद. सभागृहाने त्यांना नेमकं या परदेशी मदतीच्या खर्चावर देखरेख ठेवणाऱ्या समितीचं अध्यक्ष केलेलं. सरकारने खर्च करायचा आणि समितीने विचारायचं, पैसा कुठे गेला, कुणाला विचारून गेला, दाखवा बघू. ही समिती कुणालाच नको असायची, कारण तिच्यात राबून ना गावात रस्ता होतो ना सभेत टाळी मिळते. सासूबाईंनी मात्र ती मागून घेतली. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेल्या त्या. दुसऱ्याचं उत्तर तपासल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे.

घर एकच होतं. खाली सासू-सासरे, वर लेक आणि जावई. भाडं वाचतं म्हणून राहिले आणि मग सवय झाली. पण कामाचं एक अक्षर घरात काढायचं नाही, हा दोघांनी आपणहून घातलेला दंडक होता. घरी त्या 'जावईबापू' म्हणत आणि हा 'आई' म्हणे. समितीत त्या 'उपसचिव' म्हणत आणि हा 'अध्यक्षमहोदया'. आजवर सगळं सुरळीत चाललं होतं, कारण जावयाच्या सहीचा एकही कागद अडकला नव्हता.

मग पुलाचं प्रकरण आलं.

दूरच्या एका लहानशा देशात एक नदी होती. अलीकडे गावं, पलीकडे दवाखाना आणि मोठी शाळा. त्या नदीवर पूल बांधायला समितीने पैसे मंजूर केले होते. काम सुरू व्हायच्या आतच पूर आला आणि नदीने आपला रस्ता बदलला. जिथे खांब उभारायचे तिथे आता वाळवंट, आणि पाणी भलतीकडूनच वाहत होतं. इंजिनियर म्हणाले, पहिल्यापासून मोजमाप करावं लागेल, काही वर्षं तरी विसरा. जावई स्वतः तिकडे जाऊन आला. किनाऱ्यावर आजारी माणसं बाजेवर घालून आणलेली आणि दप्तरं डोक्यावर घेतलेली मुलं त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिली. जवळच्या बंदरात दोन चांगल्या मोटारबोटी तयार होत्या, पुलाच्या मानाने किंमतही किरकोळ. सभागृहाला सुट्टी होती, समिती बसायला अवकाश होता. त्याने पुलाच्या पैशातून दोन बोटी घेतल्या आणि कागदावर स्वतःची सही ठोकली.

आता कायदा असा की, ज्या कामाला पैसा मंजूर झाला त्याच कामाला तो लागला पाहिजे. बदल करायचा तर आधी समितीला विचारायचं. आणि झालेला प्रत्येक खर्च शेवटी समितीच्या मताला यायचाच. न विचारता केलेला खर्च समितीने पास केला तर ठीक. नाही केला, तर घेतलेली वस्तू विकून पैसे तिजोरीत भरायचे आणि सही करणाऱ्याला खुर्चीवरून उठवायचं. म्हणजे समितीने मान हलवली तरच बोटीही राहणार होत्या आणि जावयाची नोकरीही.

सुट्टी संपताच समितीला सगळं सांगून माफी मागायची, असं जावयाने ठरवलं होतं. पण खात्याचे सचिव, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, ते हे ऐकून खुर्चीतून अर्धे उठले.

"बोट? कुठली बोट? मंजुरीत बोट आहे का?"

"नाही, साहेब. म्हणूनच तर—"

"मंजुरीत पूल आहे. मग अहवालातही पूलच असणार. अहो, पूल म्हणजे काय? अलीकडून पलीकडे जायचं साधन. बोट म्हणजे काय? तेच! उगाच शब्दांत काय अडकता?"

खरी गोम वेगळी होती. बोटी घेऊनही पुलाचे बरेच पैसे उरले होते. बोट म्हटलं की उरलेले पैसे तिजोरीत परत. पूल म्हटलं की काम चालू आहे, पैसे खात्याच्या हाताशी. आणि त्या पैशांवर मोठ्या साहेबांच्या डोक्यात बऱ्याच योजना शिजत होत्या.

"आणि लक्षात ठेवा," ते म्हणाले, "सही तुमची आहे."

त्या खात्यात ही रीतच पडून गेली होती. ज्या नावाने पैसे मिळाले त्याच नावाने सगळा हिशेब. विहिरीच्या पैशातून पंप घेतला तर तो पंपसुद्धा कागदोपत्री विहीरच. आजवर कुणी हटकलं नव्हतं, कारण सासूबाई अध्यक्ष होईपर्यंत अहवाल कुणी वाचतच नसे. जावई घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस काय वाटेल ते लिहितो. त्याने आधी लिहिलेला बोटींचा खराखुरा अहवाल समोर ठेवला आणि जिथे जिथे बोट होती तिथे तिथे पूल घातला. परत वाचून बघायची हिंमत त्याला झाली नाही. मोठ्या साहेबांनीही 'वाचला, योग्य आहे' असा शेरा मारला आणि न वाचता सही केली. अहवाल समितीकडे गेला.

आणि घरात सासूबाई गोड बोलायला लागल्या.

"जावईबापू, अजून एक अंडं घ्या ना. तब्येत उतरली हो तुमची."

"नको आई, पोट भरलं."

"असं कसं? पुढच्या आठवड्यात ताकद लागेल तुम्हाला."

जावयाने ताट मागे सरकवलं. सासरे, जे घड्याळं दुरुस्त करण्याच्या धंद्यातून निवृत्त झाले होते आणि आता घरातली चालू घड्याळं उघडून बसत, ते भिंगातून वर न बघता म्हणाले, "ही इतकी गोड बोलायला लागली की समजायचं, कुणाची तरी धडगत नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी माझ्याशी अशीच बोलत होती."

"तुमचं आपलं काहीतरीच," म्हणत सासूबाईंनी जावयाच्या ताटात अंडं सरकवलं.

शेवटी त्याने बायकोला सगळं सांगून टाकलं. ती औषधांच्या दुकानात काम करायची. सकाळी कामावर निघताना केस विंचरता विंचरता तिने अहवालाची प्रत चाळली, आणि आधी तिला जे हसू फुटलं ते थांबेचना.

"'धाकट्या पुलाचा रंग निळा असून त्याचा भोंगा बिघडला आहे.' अरे देवा! हे तू लिहिलंस?"

"हसू नकोस गं. माझी झोप उडालीय."

"उडणारच! 'वादळाच्या इशाऱ्यामुळे मोठा पूल किनाऱ्यावर ओढून ठेवण्यात आला.'" ती पलंगावर बसून हसली, डोळे पुसले आणि मग एकदम तिचा चेहरा बदलला. "पण मी बाटलीवर भलत्याच औषधाची चिठ्ठी चिकटवली तर मला तुरुंगात टाकतील, माहीत आहे ना? आणि तू आईसमोर जाऊन हा पूलच आहे म्हणणार?"

"नाही म्हटलं तर नोकरी जाईल. बोटी विकतील. ती मुलं पुन्हा किनाऱ्यावर."

"आणि म्हटलंस तर?"

जावई बुटाची नाडी बांधायला वाकला.

"मग बस विचार करत," ती पर्स उचलत म्हणाली. "नोकरी गेली तर दुसरी मिळेल. पण आईशी खोटं बोललास, तर या घरात तुला मीसुद्धा वाचवू शकणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

समितीच्या दालनात लांबलचक टेबल होतं. एका बाजूला सात सभासद, समोर साक्षीदारांच्या खुर्च्या, प्रत्येकापुढे बटण दाबून बोलायचा माइक. मोठे साहेब कडक इस्त्रीत आले होते. जावयाच्या शर्टाला मात्र दालनात शिरायच्या आधीच घाम फुटला होता.

सासूबाईंनी सुरुवातीलाच माइक ओढला.

"कामाला लागण्याआधी एक गोष्ट. आजचे साक्षीदार उपसचिव हे माझे जावई आहेत. एकाच घरात राहतो. समितीला नको असेल तर मी आत्ता उठते."

सभासदांनी एकमेकांकडे पाहिलं. टेबलाच्या टोकाला एक अगडबंब सभासद बसले होते. त्यांना सगळे हरकतराव म्हणत, कारण परदेशी मदतीच्या प्रत्येक मागणीला त्यांनी आजवर हरकत घेतली होती. ते म्हणाले, "बसा हो बाई. अहवाल तुमच्याशिवाय वाचलाय कुणी?"

सगळे हसले. सासूबाई हसल्या नाहीत. "ठीक आहे. मी प्रश्न विचारीन, मत देणार नाही. उरलात सहा जण. बहुमत झालं तर खर्च पास. बरोबरी झाली तर नामंजूर."

मग जावयाला खरं बोलण्याची शपथ दिली गेली. सासूबाईंनी चष्मा चढवला.

"उपसचिव, पूल पूर्ण झाला?"

"अं... वापरात आहे, अध्यक्षमहोदया."

"छान. पान चार. 'दोन्ही पुलांना मिळून दरमहा तीन पिंपं डिझेल लागतं.' पूल डिझेल पितो?"

कुणीतरी फिसकन हसलं. मोठ्या साहेबांनी चटकन बटण दाबलं. "महोदया, ते देखभालीचं—"

"तुमचा नंबर येईल, सचिवसाहेब, धीर धरा. पान पाच. 'पूल दर तासाला सुटतो.' कुठे जातो?"

"पलीकडे," जावयाच्या तोंडून निघून गेलं.

"आणि परत येतो?"

"हो. संध्याकाळी शेवटचा... शेवटची फेरी असते."

आता दालनात हसण्याची लाट उसळली. हरकतरावांची ढेरी हलत होती. फक्त सासूबाईंचा चेहरा दगडासारखा होता, पण त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ते काय असतं हे घरातल्या माणसाला ठाऊक होतं. हसू दाबल्यावरही त्या पाळ्या लाल व्हायच्या आणि संताप आल्यावरही.

"पान सहा. 'पुलावर चढणाऱ्या प्रत्येक मुलाला लाईफ जॅकेट देण्यात येतं.'" त्यांनी कागद खाली ठेवला. या वेळी आवाजात गंमत नव्हती. "उपसचिव, शपथ घेतलीय तुम्ही. तिथे नक्की काय आहे?"

मोठ्या साहेबांनी माइकवर हात ठेवून जावयाच्या कानाशी फुसफुसून म्हटलं, "तरंगता पूल म्हणा. तरंगता! एवढंच म्हणा आणि सुटा."

जावयाला ते सोपं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. जिभेच्या टोकावर शब्द आलाही होता. पण समोर सासूबाई नव्हत्या, अध्यक्षबाईही नव्हत्या. एक गणिताच्या बाई होत्या आणि त्या उत्तराची वाट बघत होत्या. त्याने मोठ्या साहेबांचा हात बाजूला केला आणि बटण दाबलं.

"बोटी आहेत, अध्यक्षमहोदया. दोन. पूल नाहीच. नदी सरकली, मी बोटी घेतल्या, तुम्हाला न विचारता घेतल्या. सही माझी आहे आणि अहवालही मीच लिहिलाय."

"सचिवसाहेब," सासूबाई वळल्या, "तुमचा शेरा आहे, 'वाचला, योग्य आहे.' पुलाचा भोंगा बिघडलाय हे वाचून तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

मोठे साहेब पाण्याचा पेला शोधू लागले.

"आणि उरलेले पैसे कुठे आहेत?"

"खात्यातच आहेत," पेला खाली ठेवत ते पुटपुटले. "सुरक्षित."

"असू देत. महिना संपायच्या आत तिजोरीत परत हवेत." मग त्या पुन्हा जावयाकडे वळल्या, आणि आता खरोखरच चिडल्या. "आणि तुम्ही! विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर समिती नाही म्हणेल अशी भीती वाटली."

"नाही म्हटलं असतं तर भांडायचं! भांडायला या, आरडाओरडा करा, टेबलावर हात आपटा. आम्ही इथे शोभेला बसलोय का? पैसा माझ्या बापाचा नाही आणि तुमच्याही नाही. बाहेर रस्त्यावर जी माणसं चाललीयत ना, त्यांच्या पगारातून कापलेला आहे. त्यांनी आम्हाला पाठवलंय ते एवढ्याचसाठी, की कुणीतरी विचारावं. तुम्ही चांगलं काम केलंत की वाईट, हा पुढचा प्रश्न. पण विचारायचंच नाही म्हणजे काय?"

जावयाने मान खाली घातली. त्याला लाज वाटली, आणि विचित्र गोष्ट म्हणजे छातीवरचा धोंडा उतरल्यासारखंही वाटलं.

"सभासदांनी हात वर करावेत," सासूबाई म्हणाल्या. "बोटींचा खर्च पास करायचा?"

तीन हात वर आले. दोघांनी हाताची घडी घालून माना नकारार्थी हलवल्या. उरले हरकतराव. जावयाने मनातल्या मनात खुर्चीला रामराम ठोकला. हरकतरावांनी आजवर कशालाच हात वर केला नव्हता. ते नाही म्हणाले की बरोबरी, आणि बरोबरी म्हणजे नामंजूर.

हरकतराव हळूहळू उभे राहिले. खिशातून कागदांची चळत काढली.

"हे माझं भाषण," ते म्हणाले. "पुलाच्या विरुद्ध. चांगलं जमलं होतं. आमच्या भागातली नदी सगळ्यांना माहीत आहे. तिच्यावर पूल व्हावा म्हणून माझे वडील ओरडले, मी ओरडतोय. आजही आमच्याकडे बाळंतीण बोटीतून पलीकडे न्यावी लागते. आणि हे परक्यांना पूल देणार! मेलो तरी मत दिलं नसतं. दिलं असतं तर आमच्या लोकांनी मला त्याच नदीत बुडवलं असतं."

मोठ्या साहेबांनी डोळे मिटून घेतले.

"पण बोट?" हरकतरावांनी कागदांची चळत परत खिशात कोंबली. "बोटीला माझी काय हरकत असणार? म्हणजे आमच्यासारखेच आहेत की हो बिचारे." आणि मग ते एकदम जावयावर खेकसले. "पण तो भोंगा का दुरुस्त केला नाही? धुक्यात बिनभोंग्याची बोट? अक्कल आहे का? आमच्याकडे एकदा दोन बोटी अशाच एकमेकींवर आदळल्या होत्या. पोरं बसतात तिच्यात!"

"पैसे... पैसे मंजूर नाहीत, साहेब."

"मग माग की!"

आणि त्यांनी आपला जाडजूड हात असा वर केला की शेजारच्याचा माइक पडला.

जावयाला क्षणभर कळलंच नाही काय झालं. मग कळलं. पूल म्हटलं असतं, तर हरकतरावांचं मत गेलं असतं आणि तो स्वतः बुडाला असता. बोटीही बुडाल्या असत्या. मोठ्या साहेबांनाही ते कळलं असावं, कारण ते कागद गोळा करता करता चुकून हरकतरावांचा चष्माही गोळा करून घेऊन चालले होते.

सासूबाईंनी निकाल सांगितला. बोटी राहतील. पुढचा अहवाल बोटींचा म्हणून लिहावा. सचिवांनी इथून पुढे अहवाल वाचून मग सही करावी. आणि उपसचिवाच्या नोकरीच्या कागदात शेरा मारावा, 'न विचारता खर्च केला, समितीची दिशाभूल केली.' जावयाने त्या शेऱ्याखाली सगळ्यांसमोर सही केली.

"अजून काही?" सासूबाईंनी विचारलं.

जावई बसला होता तो पुन्हा उठला. "आहे, अध्यक्षमहोदया. भोंग्यासाठी पैसे हवेत. दोन्ही बोटींना. आणि पुढच्या वर्षाचं डिझेल."

"किती?"

त्याने आकडा सांगितला.

"जास्त आहे."

"नाही, जास्त नाही."

"कसं नाही? तीन पिंपं कशाला लागतात? रिकाम्या फेऱ्या मारता का दुपारी?"

"दुपारी दवाखाना सुटतो. माणसं परत कशी येणार?"

"मग शाळेची आणि दवाखान्याची फेरी एक करा."

"शाळा दवाखान्याच्या दोन तास आधी सुटते! मुलांनी काय करायचं दोन तास?" आणि जावयाने खरंच टेबलावर हात आपटला. स्वतःच दचकला. सभासदांच्या चेहऱ्यांवर हसू पसरलं आणि हरकतराव तर खुर्ची पुढे ओढून मध्येमध्ये डिझेलचे भाव सांगायला लागले. दोघं असे भांडले की जेवणाची सुट्टी लांबली. अखेर भोंगे पूर्ण मिळाले आणि डिझेल मागितलं त्याहून थोडं कमी.

दालन रिकामं झालं. जावई बाहेरच्या व्हरांड्यात खिडकीशी उभा राहून घाम पुसत होता. सासूबाई फाइली छातीशी धरून बाहेर आल्या, इकडेतिकडे पाहिलं, व्हरांड्यात कुणी नाही अशी खात्री केली आणि त्याच्याजवळ येऊन थांबल्या.

"आई, चुकलं माझं," तो म्हणाला. "घरी कसं तोंड दाखवू तेच कळत नव्हतं."

त्या चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या, जरुरीपेक्षा जास्त वेळ.

"ती मुलं जातात ना रे रोज पलीकडे?"

"जातात, आई. सकाळची बोट नुसती भरून जाते. गाणी म्हणतात."

"मग आधीच येऊन का नाही सांगितलंस, मेल्या?" त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला. "सहाही हात मी वर करून घेतले असते."

लग्न झाल्यापासून त्यांनी त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. अहो-जाहो, जावईबापू, अजून वाढू का, हेच. आज पहिल्यांदा त्या आपल्या लेकीवर ओरडतात तशा त्याच्यावर ओरडल्या होत्या. जावयाने त्यांच्या हातातल्या फाइली घेतल्या आणि दोघं जेवायला चालू लागले.